फ्रँकफर्ट ते व्हिएन्ना, दीड तास

सुफियान,

आज तुला सलाम लिहायला माझा हात धजत नाही.

आपल्या धाकट्या बहिणीच्या, सहरच्या, छातीतली गाठ काढायची ठरली, तेव्हा तिच्याकडे व्हिएन्नाला जायच्या व्हिसासाठी मी इथून, सौदीतल्या राबिघहून, दोनदा जेद्दाला गेले. माझ्या इकाम्याची, इथल्या निवास परवान्याची, मुदत संपत आलेली, म्हणून दोन्ही वेळा अर्ज परत आला. तू मात्र फ्रँकफर्टला राहतोस. सहाशे किलोमीटर, विमानाने दीड तास, वेगळा व्हिसाही लागत नाही. तरी फोनवर म्हणालास, "आपा, फार लांब पडतं गं. ऑफिसात ऑडिट चाललंय."

लांब? मला जेद्दाला सामान आणायला जायलासुद्धा तेवढाच वेळ लागतो!

काल सहर शुद्धीवर आली तेव्हा तिचा हात तिच्या म्हाताऱ्या घरमालकिणीने धरला होता. मला फोनवर पहिलं वाक्य काय बोलली, माहीत आहे? "आपा, भाईवर रागावू नकोस. किरकोळ आहे, असं मीच त्याला सांगितलं होतं."

तुझ्यासाठी ती खोटं बोलली, सुफियान. कॅन्सरचा रिपोर्ट मीच तुला पाठवला होता, आणि तू तो वाचला होतास.

तुला काही बोलायचं नाही, अशी तिने मला शपथ घातलीय, म्हणून हे पत्र तुला पाठवणार नाही. फाडणारही नाही.

सहरची आपा,
समरीन