आतल्या खोलीतलं

३ जानेवारी १९७८, मंगळवार

आज शिवलिंगप्पा खरं बोलले. आणि मला वाटलं, खोटंच बोलत राहिले असते तर बरं!

टॉवेलचे मोठे व्यापारी. माल थेट हॅम्बर्गला जातो. गेल्या खेपेच्या टॉवेलांनी तिथल्या हॉटेलात पहिल्याच धुण्यात रंग सोडला, सोबतच्या पांढऱ्या चादरी गुलाबी झाल्या म्हणे. ग्राहक भरपाई मागतोय. आमच्या वकिलीच्या ऑफिसात आल्यापासून शिवलिंगप्पांचं एकच पालुपद — बोटीत खारं पाणी शिरलं, चूक बोटवाल्यांची. आज विरुपाक्ष साहेबांनी त्यांना आतल्या खोलीत नेलं, दार लावलं आणि शांतपणे विचारलं, "अप्पा, बोटीत पाणी शिरलं का?"

"न्हाई शिरलं, साहेब. रंगच कच्चा हाय. नमुना पक्क्या रंगाचा धाडला, माल हलक्या रंगाचा भरला." एवढं बोलून हा धिप्पाड माणूस उपरण्यानं डोळे पुसायला लागला. मी कुठे बघावं तेच कळेना.

साहेबांनी चहा मागवला. म्हणाले, "खाऱ्या पाण्याचं आम्ही लिहिणार नाही. ग्राहकाला खरं सांगून तडजोड मागू. नाही पटलं तर खुशाल फाईल न्या. पण काही झालं तरी ही गोष्ट या दाराबाहेर जाणार नाही." शिवलिंगप्पा म्हणाले, विचार करतो.

ऑफिसात लागले त्या दिवशी साहेबांनी माझ्याकडून शपथ-बिपथ घेतली नव्हती. आतल्या खोलीची एक किल्ली हातात ठेवली, बस्स. घरी किती मिरवते मी ती किल्ली! आमच्या ऑफिसातलं बाहेर जात नाही, म्हणून. आईनं कौतुक करावं, तर अव्वा वैतागते — पुरे तुझं ऑफिसपुराण! धाकटी बहीण गिरिजा तेवढी ऐकून घेते.

९ जानेवारी

घरी आले तर अव्वा दारातच उभी. चेहरा फुललेला. गिरिजाला स्थळ आलंय!

कुणाचं? शिवलिंगप्पांच्या एकुलत्या एका मुलाचं. चन्नवीरचं!

माझ्या हातातली पिशवी खाली पडली. अव्वाला वाटलं, आनंदानं.

१० जानेवारी

झोप नाही. जेवण नाही. सगळ्या सोलापुरात त्यांना माझीच बहीण सापडली?

१३ जानेवारी

गड्ड्याच्या जत्रेतल्या अक्षता, सिद्धरामेश्वरांच्या लग्नाच्या. संमती कट्ट्यापाशी उभं राहायला जागा नव्हती. शेवटचं मंगलाष्टक संपलं आणि सगळ्या गावानं अक्षता टाकल्या. गिरिजानं हसत एक मूठ माझ्याच डोक्यावर टाकली. "अक्का, आता तुझा पण नंबर!" माझ्या मुठीतल्या तशाच राहिल्या, घामानं चिकट झालेल्या. घरी येऊन पाहते तो पदराला हळदीचे डाग.

ती चन्नवीरला आधीपासून ओळखते. ती शिकवते त्या शाळेच्या वार्षिक समारंभाला तो पाहुणा म्हणून आला होता. मग तळ्यावर भेटीगाठी. अव्वाला यातलं काही माहीत नाही, मलाही आजच सांगितलं. म्हणाली, "माणूस खोटं बोलत न्हाई, अक्का. मला तेवढं पुरे." हसावं की रडावं!

१७ जानेवारी

साहेबांना विचारलं. मोठ्या हुशारीनं विचारलं — समजा, एखाद्या वकिलाच्या घरी असा पेच आला, तर? साहेबांनी चष्मा काढला. "समजा कशाला म्हणता? शिवलिंगप्पांनीच सांगितलं मला, स्थळाचं."

म्हणजे सगळं माहीत असून बसले होते. मी चिडले. "माझी बहीण आहे, साहेब! वडिलांच्या माघारी मी वाढवलंय तिला. ती कसल्या घरात पडतेय हे मला दिसतंय आणि मी गप्प बसू?"

"हे काम तुमच्याकडून आजच काढून घेतो. पण जे ऐकलंत ते काढून घेता येत नाही. ती गोष्ट शिवलिंगप्पांची आहे. सांगायची तर त्यांनी सांगायची, नाहीतर त्यांनी तुम्हाला मोकळीक द्यायची. त्यांच्याकडे मागा."

मागा म्हणे! पक्षकारासमोर जाऊन हात पसरायचे?

२२ जानेवारी, रविवार

मुलीला बघायचा कार्यक्रम झाला. शेंगापोळ्या झाल्या, सगळं झालं. चन्नवीर मान खाली घालून बसला होता. मुलगा बरा दिसतो. त्याचंच तर वाईट वाटतं.

शिवलिंगप्पा भर बैठकीत अव्वाला म्हणाले, "आमच्या घरात लपवाछपवी न्हाई बगा, सावित्रम्मा. जे हाय ते समोर!" माझ्या हातातलं ताट त्यांच्या डोक्यात घालावंसं वाटलं. देवा, काय हा निगरगट्टपणा!

जेवण झाल्यावर ते हात धुवायला मोरीकडे आले, तिथे गाठलं. तांब्या देताना मी हळूच म्हणाले, "अप्पा, ते हॅम्बर्गचं तुम्ही स्वतः आमच्या घरी सांगा. नाहीतर मला सांगू द्या."

त्यांचा चेहरा उतरला. "सांगतो की, वकीलबाई. जरा दमानं घ्या. मी सांगीपर्यंत तुमी बोलू नका, पाया पडतो." आणि खरंच वाकायला लागले! मी मागे सरले. तांब्या मोरीत पडला.

आता सारखं मनात येतं, माझ्या तोंडाला कुलूप लावायला म्हणूनच तर हे स्थळ आणलं नसेल? धाकटी त्यांच्या घरात गेली की थोरली कुठे बोलते!

२४ जानेवारी

गच्चीवर कपडे वाळत घालताना गिरिजानं विचारलं, "अक्का, तुला स्थळ पसंत न्हाई का?"

"तसं काही नाही."

ती बराच वेळ तोच परकर झटकत राहिली. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मिटलं. मग म्हणाली, "तू जेवत जा गं नीट."

३० जानेवारी

शिवलिंगप्पांनी तडजोडीच्या पत्रावर सही केली नाही. ऑफिसात कुजबुज कानावर आली. आता हॅम्बर्गवाले कोर्टात जाणार. म्हणजे नाव पेपरात येणार, माल जायचा थांबणार, आणि तोवर गिरिजाच्या गळ्यात मंगळसूत्र! इकडे साखरपुडा दहा तारखेचा ठरला. अव्वा रोज नवी साडी बघून येते.

आमच्या घरी अजून काहीही सांगितलेलं नाही त्यांनी. "दमानं घ्या!" कुठवर?

१ फेब्रुवारी, बुधवार

सांगितलं.

दुपारी रजा घेऊन घरी आले. अव्वा मठात गेली होती. गिरिजा शाळेतून येऊन ज्वारी निवडत बसली होती. मी समोर बसले आणि सगळं सांगून टाकलं — नमुना, कच्चा रंग, खारं पाणी, सही, सगळं. म्हटलं, अजून वेळ गेलेली नाही, तू नाही म्हण, पुढचं मी निस्तरते.

ती रडली नाही. सुपातले हात थांबले फक्त. चेहरा पांढरा पडला. मग म्हणाली, "अक्का, तुझ्या साहेबांना कळलं तर?"

माझी काळजी! स्वतःचं घर बुडत असताना पोरीला माझी काळजी! मी तिला जवळ घेतलं. ती काठीसारखी ताठ.

चुकलं असेल. पण रात्री पोटभर जेवले, किती दिवसांनी.

२ फेब्रुवारी

न लपवता साहेबांना सांगितलं. लपवलं असतं तर कुणालाच कळलं नसतं, पण ते मला जमणार नव्हतं.

ते ओरडले असते तर सोपं गेलं असतं. समोरची फाईल मिटली. मग उठले, कोट चढवला. "आपल्याकडून चूक झाली, की पक्षकाराला ती आपणच जाऊन सांगायची. मी शिवलिंगप्पांकडे जाऊन येतो."

"मी येते, साहेब."

"नको. ऑफिस माझं आहे. किल्ली टेबलावर ठेव." इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला 'तू' म्हणाले. ज्यांची मुलगी व्हायला मला आवडलं असतं, त्या माणसाला आज मी खाली बघायला लावलं.

४ फेब्रुवारी

शिवलिंगप्पांनी फाईल नेली. ऑफिसचा शिपाई बाजारात भेटला, त्यानं सांगितलं. साहेबांशी भांडले नाहीत म्हणे, नुसता नमस्कार करून गेले.

अव्वाला वाटतं मी आजारी आहे, म्हणून घरी. गिरिजा माझ्याशी धड बोलत नाही. स्थळाला अजून नाही म्हणालेली नाही. का? एवढं ऐकूनसुद्धा?

५ फेब्रुवारी, रविवार

सकाळी चन्नवीर आला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. गिरिजाला म्हणाला, "आता लपवायचं काय ऱ्हायलं? बोल तू पण." आणि निघून गेला. लग्न मोडलेलं नाही.

मग गिरिजा बोलली. तिला दिवाळीतच सगळं माहीत होतं. त्यानंच सांगितलं होतं, तळ्यावर. अप्पांचं मिटेपर्यंत कुणाला म्हणजे कुणाला बोलायचं नाही, म्हणून गळ्यातल्या इष्टलिंगावर हात ठेवायला लावला होता.

मी ओरडले, "मग बुधवारी का नाही बोललीस? मी माझं सगळं घालवून बसले!"

"शब्द दिला होता की." तिचे डोळे भरून आले. "आणि अप्पांना तुमच्या ऑफिसात पाठव म्हणून चन्नवीरला मीच सांगितलं होतं. तूच म्हणायचीस की, अक्का — तिथलं बाहेर जात न्हाई."