भट्टीत तापवलेली तार

शिवथर, ता. ९ जुलै १९५८

चि. मुरारी यास सोनबाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या कारखान्यातली तार पोचली. नदीवर बांधून पुरात माणसं न्यायला पाळणाही टांगला. पण तार भारी हट्टी. फासा वळवला की पुन्हा सरळ. शेवटी पांडू लोहार म्हणाला, ही गार वाकायची नाय, आणि भट्टीत लाल करून त्याने सुरेख फासा केला. तो अलीकडच्या आंब्याला अडकवलाय. तुम्ही मुंबईकर शहाणे, पण हे तुम्हांला सुचलं नसतं.

तुझी मैना पलीकडे माहेरी आहे. मागचं बाळंतपण तिथंच अडलं, मूल गेलं, म्हणून या वेळी महाडच्या डॉक्टरांकडे नेतो. सोमवारी तिचा भाऊ रावजी पाळण्यात सोबत बसून, हातांनी तार ओढत तिला अलीकडे आणील. काळजी नसावी. आमच्यावरची माया आटू देऊ नकोस.

सोनबा

मुंबई, ता. १३ जुलै

तीर्थरूप दादांस मुरारीचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

पत्र वाचून लगेच लिहायला बसलो. पोस्टावर भरवसा नाही, म्हणून गावी निघालेल्या कोंडाजीकाकांच्या हाती हे देतो. पाळण्यात कोणालाही बसवू नका. ही तार गारच, एकाहून एक बारीक भोकांतून ओढून काढतात. त्या ओढाताणीनेच तिला बळ येतं. लाल तापवली की ते जातं, तार मऊ पडते. तेवढं टोक कापा आणि गार तारेचेच झाडाला वेढे द्या. दादा, तिला पलीकडेच राहू द्या. मला फार भीती वाटते. धाकट्याला सांभाळून घ्यावे.

मुरारी

शिवथर, ता. ७ सप्टेंबर

चि. मुरारी यास आशीर्वाद. वि. वि.

कोंडाजी धावत आले तेव्हा मैना पलीकडे पाळण्यात बसायला येत होती. पाण्याच्या आवाजात हाक पोचेना. मी हात हलवले, तर रावजीला वाटलं, लवकर या म्हणतोय. मग छिन्नी घातली. तापवलेली जागा एका घावात तुटली. मैना काठावरून बघत राहिली.

पूर ओसरला नाही, ती तिथंच बाळंत झाली आणि मुलगी राहिली नाही, हे रावजीने कळवलंच आहे. मैना आता इथं आली आहे. माझ्याशी बोलत नव्हती. काल तुझं ते पत्र तिला वाचून दाखवलं. तिने पुन्हा वाचायला लावलं. मग विचारलं, की मी तोडली नसती तर तार नक्की तुटलीच असती का. पांडूला विचारलं, तर म्हणाला, मुरारीलाच विचारा. मला तर तेव्हापासून जेवण गोड लागत नाही.

तू तारांत वावरतोस. खरं असेल तेच लिही. तिला वाचता येत नाही. उत्तर काहीही आलं तरी मीच तिला वाचून दाखवीन. त्यानंतरही लोभ राहू दे.

सोनबा