धावत्या बसमधला लाडू

लक्ष्मीबाई नगर, नवी दिल्ली

ती. अलकाताईस पद्माकरचा साष्टांग नमस्कार.

तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? दाजींचा खोकला? मयुरेची कंबर? इथं राघव आणि सूनबाई ठीक. माझीही तब्येत बरी, फक्त मान खाली आहे, आणि ती दुखण्यानं नव्हे.

झालं असं, संक्रांतीला आमच्या मंडळाची बस काला अंबला निघाली, पानिपतच्या वीरांना वंदन करायला. धुकं इतकं की मंडळी घाबरली, म्हणून मी माईक घेतला (माईक दिसला की माझं काय होतं ते तू जाणतेस). म्हटलं, गाडी जितकी जोरात, तितका तिच्या दिव्यांचा उजेड जोरात. तेव्हा भैया, दबा के चलाओ! पुराव्यादाखल तिळाचा लाडू पुढं फेकला: बसचा वेग अधिक हाताचा वेग. लाडू विजयालक्ष्मीबाईंच्या कपाळावर पोचला, त्यामुळे सगळ्यांना पटलं.

फक्त नात उठली, आमची अकरावीतली सृष्टी. "आजोबा, बिल्कुल गलत! लाडवाचं ठीक आहे, उजेडाचं तसं नसतं. गाडी उभी असो की धावो, त्याचा वेग तोच." मी म्हटलं, "लाडू वळता येत नाही, आणि आजोबांना शिकवते!" अख्खी बस हसली. पोर खाली बसली ती खिडकीकडं तोंड करून. माझं पानिपत तिथंच झालं, मला कळलं मात्र घरी येऊन पुस्तकं उपसल्यावर.

अगं, आकाशात दोन-दोन तारे एकमेकांभोवती फुगडी घालतात. आपल्याकडं येणाऱ्याचा उजेड जोरात आणि लांब जाणाऱ्याचा हळू असता, तर वाटेत मागून निघालेला जोरातला उजेड आधी निघालेल्या हळू उजेडाला गाठता आणि दुर्बिणीत नुसता गोंधळ दिसता. पण फुगडी स्वच्छ दिसते. म्हणजे फेकणारा पळो की बसो, उजेड आपला सेकंदाला तीन लाख मैलच चालतो. मी तिला म्हटलं, चुकलो. "हो आजोबा," म्हणाली. तेव्हापासून काहीही म्हणा, "हो आजोबा". जी माझ्या फोडणीतसुद्धा चूक काढायची, तिला काल मुद्दाम सांगितलं, यमुना कावेरीला मिळते. "हो आजोबा." ताई, घास उतरत नाही गं.

तुझा धाकटा,
पद्माकर

ता.क. खरं काम हे: रविवारी मंडळात मला पुन्हा बोलायला बोलावलंय. मी कळवून टाकलं की सृष्टी बोलेल, मी आधी सगळ्यांसमोर तिची माफी मागेन आणि मग नुसती टॉर्च धरेन. तिला हे सांगायला तोंड नाही. तुझं ती ऐकते. फोन कर.

ता.क. २. फोन नको. पाकीट चिकटवायला तिच्याकडं दिलं, तर तिनं पत्रच वाचलं आणि आतून ओरडली, "आजोबा, मैल नाही, किलोमीटर! टॉर्च धरा, पण बोलू नका!" (मैल मुद्दाम लिहिले म्हणतोय, तर तेही मानत नाही.) उत्तर लवकर धाड, आणि जमल्यास त्यात एखादी ढोबळ चूक असू दे. घरात ती काढणारं माणूस परत आलंय.