पत्रिकेवरचं नाव

नागपूर, १२ एप्रिल २००९

सौ. भूमेश्वरीस,

मी बरा आहे. दारू सोडून चार महिने झाले. डोक्यातले आवाजही आता गोळीने झोपून राहतात. त्याच गोळीने हात थरथरतो, म्हणून अक्षर असं आहे.

परवा टिकेश भेटायले आला होता. आपल्या रिंकूच्या लग्नाची पत्रिका दाखवली. काका म्हणून कन्यादान तोच करणार म्हणे. माझ्या नावाआधी स्व. छापलं आहे. तो खाली पाहून राहिला होता, म्हणून मीच म्हटलं, छपाई चांगली आहे.

तू केलं ते बरोबर केलं. नुसता दारुडा असतो तर मांडवात खुर्ची भेटली असती, अर्धी वरात पिऊनच येते. नुसता वेडा असतो तर त्या दिवशी खोलीत कोंडून भागलं असतं. दोन्ही असणाऱ्याले मरावंच लागते.

पाहुणे बालाघाटचे आहेत, विचारतील. धानाच्या बांधीत साप चावला म्हणजो. साल सगळ्यांनी एकच सांगा.

रिंकू पत्रिका पाहून काही बोलली का? टिकेशने सांगितलं नाही. मायचा खोकला कसा आहे? तिले पत्रिका वाचून दाखवू नका.

डॉक्टर म्हणतात, पुढच्या महिन्यात घरी जाता येईल. मी म्हटलं, घरी लग्न आहे, राहू द्या.

लग्नात टिकली लावू नको, तू विसरशील. वर सवयीने सौ. लिहिलं आहे, तेही खोडजो.

तुझा
लक्ष्मीचंद