खाली न आलेला हात

प्रिय खांबराव,

हे नाव वाचून तोंड वाकडं करू नकोस. तुझ्या ताईंच्या तोंडून ते टोमणा म्हणून आलं हे खरं, पण त्याआधी कितीतरी वर्षं ते तुझ्या कामावरच्या मंडळींनी लाडानं ठेवलेलं नाव होतं, आणि मी ते त्यांच्याकडून घेतलं आहे. फोनवर तू ‘बरं आहे, जेवलो, ठेवतो’ यापलीकडे जात नाहीस, म्हणून हे पत्र. दुकान आज लवकर बंद केलं. एका गिऱ्हाईकाची पँट आखूड करायची राहिली आहे, ती मशीनवर लोंबकळत माझ्याकडे बघते आहे. बघू दे. खिडकीतून खाडीवरचं धुकं दिसतंय आणि पलीकडची तुझी क्रेन त्यात अर्धीच उभी आहे, वरचा भाग तेवढा. खालचा कुणीतरी खोडून टाकल्यासारखा.

काल वरच्याचा फोन आला होता. दचकू नकोस, तो वरचा नव्हे, तुझा क्रेनवाला. ‘वहिनी, सांगू नये पण सांगतो,’ म्हणाला आणि मग सगळं सांगून मोकळा झाला. तू साहेबांना म्हणे स्पष्ट सांगितलंस की आता क्रेनखाली इशारे द्यायला उभा राहणार नाही. स्टोअरमध्ये बसून हेल्मेटं आणि हातमोजे वाटतोस. तुझ्या जागी जो आलाय तो माशा हाकलल्यासारखे हात करतो, आणि वरच्याला खाली काही दिसत नसल्यामुळे त्याचा जीव टांगणीला लागतो. ‘मला वरून फक्त याचा हात दिसायचा, वहिनी. त्या हातावर मी डोळे मिटून लोखंड उतरवायचो. आता विचारलं तर म्हणतो, खांद्याच्या वर हात जात नाही.’ डॉक्टरांनी तपासलं, खांदा ठणठणीत आहे, हेही त्यानंच सांगितलं. तू माझ्याजवळ यातलं अवाक्षर काढलं नाहीस. मग मला वाटलं, आता आपण दोघांनी मूग गिळून बसण्यात काही अर्थ नाही.

तुला आठवतं का, मी तुला पहिल्यांदा पाहिलं ते तुझ्या कामावरच. तुमच्या पिवळ्या जॅकेटांच्या चेनी बसवून गठ्ठा घेऊन आले होते, आणि फाटकावरच्या माणसानं मला थांबवून ठेवलं होतं, कारण वरून एक भलीमोठी तुळई उतरत होती. खाली तू. एक हात वर, मान मागे, नजर हुकावर. तुझ्या भुवईवर एक गांधीलमाशी येऊन बसली. मी ओरडणार होते, पण फाटकवाल्यानं ओठांवर बोट ठेवलं. ती भुवईवरून नाकावर आली, नाकावरून गालावर, आणि तू पापणीसुद्धा हलवली नाहीस. तुळई जागेवर टेकली, तू हात खाली घेतलास आणि मग जो काय नाचलास! मला हसू आवरेना. हा माणूस जरा खुळा आहे असं वाटलं, आणि हाच आपला असावा असंही त्याच क्षणी वाटलं.

फेरीबोटीवरच्या त्या दिवसाबद्दल आपण कधी बोललोच नाही. तू बोलत नव्हतास म्हणून मी नाही, मी बोलत नव्हते म्हणून तू नाही. आज मी बोलते. आपण ताईंचं नवीन घर बघायला निघालो होतो, ताई स्वतः आपल्याला न्यायला आल्या होत्या आणि फेरीवर चढल्यापासून पडद्यांच्या रंगाबद्दल बोलत होत्या. दुपारचं ऊन होतं, पाणी लांबलांब लाटांवर झोपाळ्यासारखं डुलत होतं. मी मागच्या बाजूला जाऊन कठड्याला टेकले. तो कठडा नव्हता, चढण्या-उतरण्याची फळी लावतात तिथलं फाटक होतं, आणि त्याची कडी नीट बसलेली नव्हती. मी टेकले आणि ते अगदी अदबीनं उघडलं. मला ओरडायलाही सुचलं नाही. मनात एवढंच आलं की स्कार्फ नवा आहे, भिजेल.

पाण्याखाली खूप हिरवं होतं. वर आले तेव्हा जहाज बरंच पुढे गेलं होतं, इतक्यात कसं गेलं कळेना. वर नुसती धावपळ. कुणीतरी केशरी रिंग फेकली, ती माझ्यापासून लांब पडली आणि आपल्याच नादात तरंगत निघून गेली. कुणी हात हलवत होतं, कुणी फोन उंच धरून होतं, सगळे इकडून तिकडे पळत होते. मला पोहता येत नाही हे तुझ्याइतकं कुणाला माहीत? तलावावर तू मला सबंध उन्हाळा शिकवायला गेलास आणि मी फक्त उताणं पडायला शिकले. ‘पाठीवर पड, अंग सोड,’ एवढंच म्हणायचास. मी पाठीवर पडले. अंग सोडलं. कान पाण्यात गेले आणि सगळा आवाज बंद झाला.

आता सांगते ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. मला तिथं बरं वाटायला लागलं होतं. भीती होती ती पहिल्या काही घोटांची, नंतर गेली. आभाळ इतकं जवळ होतं की हात लावावा. गारठ्याची एक गुंगी येते, लहानपणी तापात आई कपाळावर ओली घडी ठेवायची तशी. दुकान आठवलं, कापायला घेतलेलं कापड आठवलं, आणि वाटलं, राहू दे, कुणीतरी करेल. तूसुद्धा आठवलास, पण लांबून, कुणी दुसऱ्यानं सांगितलेल्या गोष्टीत असावास तसा. लाट मला खाली घेई तेव्हा जहाज दिसेनासं होई, नुसतं पाणी आणि आभाळ, आणि खरं सांगू, जहाज नसलं की जास्त शांत वाटे. मी डोळे मिटणार होते. अगदी मिटतच होते.

मग लाटेनं मला वर उचललं आणि त्या सगळ्या पळापळीत एक माणूस न हलणारा दिसला. हात सरळ माझ्याकडे. लाटेनं खाली नेलं, वर आणलं, हात तिथंच. जहाज वळायला लागलं तसा तू कडेकडेनं चालू लागलास, बाकांना धडकत, लोकांना खांद्यानं बाजूला सारत, पायाखाली न बघता. जहाजाचं तोंड फिरलं, शेपूट फिरलं, चिमणी या बाजूची त्या बाजूला गेली, पण हात माझ्यावरून ढळला नाही. ताई तुला गदागदा हलवत होत्या, बाही ओढत होत्या. त्या काय ओरडत असतील ते मला ऐकू येत नव्हतं, पण ती बाही खांद्यातून उसवून लोंबकळायला लागली ते मला तिथून दिसलं. शिंपिणीचे डोळे, दुसरं काय. आणि तू त्यांच्याकडे वळूनही पाहिलं नाहीस. मला मजा वाटायला लागली. प्रत्येक लाटेला मी बघायची, आहे का? आहे. पुन्हा बघायची, आहे का? आहे. एवढा माणूस माझ्याकडे बघतोय तर आपण डोळे मिटणं बरं दिसत नाही, असं वाटलं. म्हणून मी जागी राहिले. तुझ्या हातात माझ्यासाठी दोर नव्हता, रिंग नव्हती, काही नव्हतं. पण त्या हातामुळे मी कुठे आहे ते मला कळत होतं.

दवाखान्यात तू एकच वाक्य बोललास. ‘ठिपका होतीस,’ म्हणालास आणि माझा हात धरून बसलास. नडगीवर तुझ्या केवढी मोठी जखम होती, ती नर्सनं दाखवली तेव्हा तुला कळली. आणि मग बाहेरच्या बाकावर ताई सगळ्या नातेवाइकांसमोर बोलल्या, दार उघडं होतं, मीही ऐकलं. पट्टीचा पोहणारा म्हणे, बक्षिसं मिळवलेला, आणि बायको बुडताना खांबासारखा उभा! साधी उडी मारवली नाही! माझ्या घशात तेव्हा नळ्या घातलेल्या होत्या, आणि नळ्या निघाल्या तोवर सगळ्यांनी आपापलं मत करून घेतलं होतं. घरी आल्यावर तू बाहेरच्या खोलीत झोपायला लागलास, मग पलीकडच्या कामावर नाव घातलंस, आणि गेलास. हिवाळा उलटला तरी एकदाही खाडी ओलांडून घरी आला नाहीस. तू ताईंचं खरं मानलंस, हे मला फार लागलं. त्यांना विचारलंस मनातल्या मनात, आणि जी पाण्यात होती तिला विचारलं नाहीस.

म्हणून मागच्या रविवारी मी फेरीवर गेले. हो, पुन्हा. आणि माझ्या सोबतीला कोण होतं सांग? ताई. एकटीला सोडणार नाही म्हणून हटूनच बसल्या. कप्तान अधूनमधून रिकाम्या फेरीत खलाशांकडून माणूस पाण्यात पडल्याचा सराव करून घेतो, त्या दिवशी तो होता. जुन्या कपड्यात चिंध्या आणि रिकाम्या बाटल्या भरून एक बाहुला केलाय. खलाशी त्याला जावईबापू म्हणतात, कारण त्याच्यापायी सगळ्यांची धावपळ होते आणि तो स्वतः काही करत नाही. जावईबापूंना पाण्यात टाकलं की पहिला बघणारा ‘माणूस पडला’ म्हणून ओरडतो आणि कुठल्या बाजूला तेही ओरडतो. कुणी रिंग फेकतो, तरंगेल ते सगळं फेकतो. आणि एकानं फक्त हात दाखवत उभं राहायचं. त्यानं दोर आणायचा नाही, मदत करायची नाही, कुणी हाक मारली तर वळायचं नाही. उडी तर मुळीच मारायची नाही, कारण उडी मारली की शोधायला दोन माणसं होतात आणि बघणारा एकही उरत नाही. कप्तान म्हणाला, ‘बाई, मला वरच्या खोलीतून पाण्यातलं डोकं दिसत नाही. बटणाएवढं असतं ते. त्या दिवशी मी तुमच्याकडे जहाज नेलंच नाही. मी त्यांच्या हाताकडे बघून नेलं.’

मी म्हटलं, हात दाखवायला मी उभी राहते. जावईबापू पडले, मी हात उचलला, आणि मला वाटलं होतं त्यात काय एवढं. अरे, खांद्यात आग व्हायला लागली, ऊन पाण्यावरून डोळ्यांत घुसायला लागलं, पाणी सगळीकडे सारखंच दिसायला लागलं. जहाज वळलं तशी मी बाकाला धडकले. आणि ताई ओरडल्या, ‘अगं, लागलं का तुला?’ मी त्यांच्याकडे बघितलं. एवढंच. परत वळले तर जावईबापू नाहीत. शांत पाणी, लख्ख ऊन, तरी नाहीत. मी हात उगाच इकडेतिकडे फिरवत राहिले आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं, चिंध्यांचा बाहुला तो, पण मी रडायलाच लागले. शेवटी एका मच्छीमारानं तो आणून दिला. ताई बाकावर बसून चष्मा पुसत होत्या, पुसत होत्या, संपेचना त्यांचं पुसणं. परतीच्या वाटेवर पडद्यांबद्दल एक शब्द नाही. धक्क्यावर उतरताना एवढंच म्हणाल्या, ‘त्याला विचार, जेवतो का नीट.’ त्यांच्याकडून याहून जास्त माफी मागितली जाईल असं मला वाटत नाही, तेव्हा एवढीच घे.

आता पत्र का लिहिलं ते. तू मला तिथून दिसत नाहीस असं तुला वाटतं ना? स्टोअरमध्ये, हेल्मेटांच्या मागे? मला दिसतोस. इथून, खिडकीतून, धुक्यातूनसुद्धा. तू उताणा पडला आहेस, कान पाण्यात गेलेत, तुला कुणाचं ऐकू येत नाही, आणि तुला तिथं बरंही वाटायला लागलं असेल. मला ते बरं वाटणं ठाऊक आहे, म्हणून मला भीती वाटते. मी पोहून येऊ शकत नाही आणि रिंग फेकायला माझी फेक कशी आहे ते तुला माहीत आहे. पण येत्या रविवारी दुपारच्या फेरीनं मी निघते आहे. ती उसवलेली बाही मी आत्ताच शिवली, तो शर्ट पिशवीत असेल. तू तिकडच्या धक्क्यावर येऊन उभा राहा, गर्दीत कुठेही, मागेसुद्धा चालेल. मी पुढच्या कठड्याशी असेन, कडी आधी तपासून. तू दिसलास की मी हात उचलीन आणि जहाज लागेपर्यंत खाली घेणार नाही, कुणी हाक मारली तरी वळणार नाही, या वेळी नाही. तू काही करू नकोस. फक्त अंग सोड, आणि मध्येमध्ये बघत राहा, हात आहे का.

तुझीच,
ठिपका