पापणी न लवणारी बाई

३ नोव्हेंबर

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

काल, दोन नोव्हेंबरला, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी सरकारने मला जिवंत मानायला नकार दिला. मी कॅमेऱ्यासमोर ताठ उभी होते आणि पडद्यावर अक्षरं उमटली की समोर जिवंत व्यक्ती आढळली नाही.

तुझ्या इस्पितळाला आता कागदी ओळखपत्र चालत नाही. ऑपरेशनच्या वेळी सोबत राहणाऱ्या आणि सही करणाऱ्या माणसाची ओळख, रुग्णाशी असलेल्या नात्यासह, मोबाईलमध्ये, सरकारी शिक्क्यासह लागते. ती काढायला ओळख केंद्रात गेले होते. पद्धत सोपी आहे म्हणे. नोंदणीच्या वेळचा चेहरा त्यांच्याकडे असतोच; कॅमेरा आत्ताचा बघतो, दोन्ही जुळले की शिक्का फोनवर येतो. माझा चेहरा दरवेळी जुळला. फक्त जीव सापडला नाही. खिडकीवरच्या मुलीला मी सुनावलं की इतकी वर्षं मुख्याध्यापिका होते, माझ्या जिवंत असण्याचा त्रास शाळाभर सर्वांना होता, शंका कुणालाच नव्हती. हसू दाबत ती पुन्हा या म्हणाली.

फोनवर तू सगळ्याला बरं म्हणतेस आणि आपलंच खरं करतेस, म्हणून हे लेखी. अठरा तारखेला तुझ्या हृदयाची झडप बदलायची आणि मी फाटकाबाहेर उभं राहायचं, हे मला मान्य नाही. औषधं वेळेवर घे. जिना चढू नकोस.

कागदोपत्री दिवंगत, पण तुझ्यावर लक्ष ठेवून असलेली,
ताई

६ नोव्हेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून इतकी हसले की छातीत दुखतंय असं वाटून सूनबाई धावत आली.

ताई, तुझी पापणी लवली नसणार. कॅमेरा तेच तर बघत असतो. कुणी दुसऱ्याचा फोटो समोर धरून फसवू नये म्हणून तो डोळ्यांची उघडझाप शोधतो. फोटो काही डोळे मिचकावत नाही. आणि तूही नाहीस. माझ्या फोटो स्टुडिओत जन्मभर गिऱ्हाइकांना डोळे मिटू नका सांगून माझा घसा बसला, पण तुला कधी दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. माझ्या लग्नाच्या ग्रुप फोटोत नवरदेवाचेही डोळे मिटलेत, तुझे मात्र टक्क उघडे, जणू वऱ्हाडाची हजेरी घेते आहेस. तुझी शाळेची शिस्त आणि माझी तालीम, दोन्हींनी मिळून यंत्राला चकवलं बघ.

पुन्हा जा आणि जरा मिचकाव. नाहीच जमलं तर जिवाला लावून घेऊ नकोस. ऑपरेशन पुढे ढकलू. डॉक्टर थांबू नका म्हणतात, पण त्यांना काय, आत मी एकटी जायची. तू बाहेर नसशील तर मला नाही जायचं. हे सूनबाईला बोलले नाही, तुलाच लिहिते आहे.

माया आहेच, ती अशीच राहू दे.
तुझी,
धाकटी

९ नोव्हेंबर

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

आज मिळालं. कसं ते वाच, आणि हसायचं तर बसून हस.

सांगून पापणी लववणं मला येत नाही. आधी इतके घट्ट डोळे मिटले की यंत्र म्हणालं, डोळे उघडा. मग इतक्या भराभर मिचकावले की रांगेतले एक गृहस्थ अवघडून दुसरीकडे बघू लागले. शेवटी त्या मुलीने विचारलं, एवढी घाई कशासाठी? मी खडसावून सांगायला निघाले की माझ्या बहिणीचं हृदय उघडणार आहेत आणि बाहेर मी नसले तर ती आत जायला तयार नाही. वाक्य पुरं झालं नाही. आवाज गेला, डोळे भरले, आणि पापण्या आपोआप लवू लागल्या. यंत्राने टिंग असा आवाज करून मला जिवंत जाहीर केलं.

त्या मुलीचे मी मनापासून आभार मानले. शिक्क्यासाठी मानलेच, पण त्याहून जास्त, माझं तोंड पुसून होईपर्यंत ती टेबलावरचे कागद सारखे करत राहिली म्हणून. शाळेत असती तर तिला मी मॉनिटर केली असती.

आता इस्पितळाने माझ्या फोनवर आलेला ठिपक्यांचा क्यूआर चौकोन तपासला की शिक्का खरा आहे हे त्यांना कळेल, मी मीच आहे आणि तुझी सख्खी बहीण आहे, एवढंच. माझं वय नाही, घर नाही, आज रडले तेही नाही. इतकं मोजकं बोलणारं आपल्या कुळात कुणी झालं नाही. मी या यंत्राला नावं ठेवली होती, ती परत घेते. त्याला माणूस आणि माणसाचा फोटो यातला फरक कळतो, आणि या वयात मलाही तो पटवून दिला.

सतराला दुपारी येते. पुढे ढकलायची भाषा संपली. तू आत जाशील, मी दाराशी बसेन, बाहेर येशील तेव्हा पहिलं तोंड माझं दिसेल. ऑपरेशनला तयार आहे, एवढं तुझ्या हाताने लिहून पाठव. सूनबाईचं अक्षर चालणार नाही. फोन उचलणार नाही. उत्तर चौदा तारखेला संध्याकाळी पाचच्या आत माझ्या हातात हवं.

तुझी,
ताई