सतरंजीवरचा पिवळा उजेड

बाबा,

तुम्हाला देवाघरी जाऊन बरीच वर्षं झाली. तुमच्या लिथुआनियात कोणाला मराठी येत नाही, त्यामुळे हे पत्र कुठं पाठवायचा प्रश्नच नाही. कुरखेड्यापुढच्या आमच्या गावी, चर्चची खिडकी करायला तुम्ही आलात तेव्हा मी चंद्रपूरचं कॉलेज अर्ध्यात टाकून मामाकडे पडून होतो. एकजण कॉलेजातल्या एका पोरीबद्दल वाकडं बोलला, मी त्याचं नाक फोडलं. आणि ज्या पोरीसाठी फोडलं तिच्याशी मी कधी एक शब्द बोललो नव्हतो. तुमच्याकडे जाड रंगीत काचेच्या लाद्या फोडायच्या कामाला लागलो. मी रागानं हातोडी हाणायचो, नुसता चुरा व्हायचा. गावातच शिकलेल्या मराठीत तुम्ही म्हणायचात, "काचेनं तुयं काय केलं बे? कडेले मार. हळू." कडेचा टवका निघाला की तिथं उजेड अडकतो, मग तुकडा सिमेंटमध्ये बसवायचा. भात खाताना तुम्ही तिकडचं सांगायचात: सोव्हिएत राजवटीत चर्चला सरकारी कुलूप, म्हणून उमेदीची सगळी वर्षं कारखान्यांच्या जेवणघरांत आणि दवाखान्यांत काचा बसवण्यात गेली.

खिडकी उभी राहिली त्या सकाळी सगळे सतरंजीवर बसलेले. मामी म्हणाली, "बाबा, समदं निळं-लाल वरतं, अन् हे एवढंसं पिवळं खाली काऊन?" तुम्ही कानापर्यंत लाल. बायकोच्या माळेतल्या मण्याच्या रंगाचा तो तुकडा तुम्ही जन्मभर प्रत्येक खिडकीच्या तळाशी लपवत आलेले. तिकडे लोक बाकांवर बसतात, खाली कोणी पाहत नाही. इथं माणसं जमिनीवर बसतात, हे तुमच्या ध्यानातच आलं नव्हतं. "माही बायको," तुम्ही हळूच म्हणालात. "तिकडंच मातीत हाये." मामी सतरंजीवर जरा सरकून बसली. मग म्हणाली, "बसू द्या तिले आमच्यापाशी."

माझीचं, त्या कॉलेजातल्या पोरीचं, लग्न तुम्ही इथं असतानाच दुसऱ्याशी झालं, ब्रह्मपुरीला. 'माझी' लिहिलं, पण तसं म्हणायला तोंड कधी उघडलंच नाही. यंदा उन्हाळ्यात खिडकीचा खालचा कोपरा तडकला. दुरुस्ती मीच केली, आणि तुमच्या पिवळ्याशेजारी एक हिरवा तुकडा बसवला, तिच्या ओढणीच्या रंगाचा. ठरवलं होतं, कोणी विचारलं तर तुमच्यासारखं सांगून टाकायचं.

मागच्या रविवारी मामीनंच विचारलं. "काय रे, बाबाले दोन बायका होत्या काय?" सगळ्या बाया हसल्या.

बाबा, मी हो म्हणालो.